गुलाबी विमानाचे व्हाउचर

लढाऊ विमान म्हटले की डोळ्यांसमोर हिरवा, तपकिरी किंवा करडा रंग उभा राहतो. युद्धाचे यंत्र उग्र असावे, निदान मळकट तरी असावे, अशी सर्वसाधारण समजूत असते. त्यामुळे एखाद्या छंदिष्टाच्या काचेच्या कपाटात तळहातावर मावेल एवढे फिकट गुलाबी स्पिटफायर दिसले, त्याच्या शेजारी पांढऱ्या अंगावर रंगीत ठिपके मिरवणारे चार इंजिनांचे बाँबफेकी विमान दिसले आणि खालच्या खणात गोधडीप्रमाणे बहुकोनी तुकड्यांनी मढवलेले दुपंखी विमान दिसले, तर पाहुण्याला वाटते की घरातील मुलांच्या हाती रंगाच्या डब्या लागल्या असाव्यात. प्रत्यक्षात हे तिन्ही रंग एके काळी खरोखर आकाशात उडालेले आहेत. त्यांतील एकही रंग हौसेने दिलेला नव्हता. प्रत्येकामागे कारण होते, आणि त्या कारणाशी एखाद्या वैमानिकाचे सुखरूप परतणे जोडलेले होते.

विमानांच्या लहान प्रतिकृती जुळवून त्या रंगवण्याचा छंद आज जगभर पसरला आहे. ब्रिटनमध्ये 1963 साली या छंदाची संस्था स्थापन झाली. तिच्या शाखा आज अनेक देशांत आहेत, आणि तिचे वार्षिक प्रदर्शन इंग्लंडमधील टेलफर्ड येथे भरते. या मंडळींत एक वर्ग असा आहे की ज्याला नेहमीच्या हिरव्या-तपकिरी विमानांत फारसे स्वारस्य नसते. विचित्र वाटणारे छद्मावरण, म्हणजेच सर्वपरिचित कॅमोफ्लाज, शोधून काढणे आणि ते प्रतिकृतीवर अचूक उतरवणे, हाच त्यांचा ध्यास असतो. हा ध्यास वरवर पाहता रंगाचा आहे. खोलात गेले तर तो पुराव्याचा आहे.

या छंदाच्या व्यापारी बाजूची कथा व्यापारी कुटुंबांना रुचेल अशी आहे. निकोलस कोव्ह या हंगेरियन गृहस्थाने 1939 साली लंडनमध्ये हवा भरलेल्या रबरी खेळण्यांचा धंदा सुरू केला. व्यापारी सूचीत आपले नाव वरच्या जागी यावे म्हणून त्याने ‘ए’ या अक्षराने सुरू होणारे ‘एअरफिक्स’ हे नाव निवडले. युद्धानंतर त्याने प्लॅस्टिक साच्यात दाबून वस्तू घडवण्याचे यंत्र आणले आणि त्यावर खिशातले कंगवे काढले. पुढे फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांसाठी ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती करण्याचे काम मिळाले. ती जोडून देण्याचा खर्च परवडेना, तेव्हा सुटे भागच विकावेत आणि जोडणी ग्राहकाने करावी, हा मार्ग निघाला. वूलवर्थ या दुकानसाखळीच्या आग्रहाने साध्या पिशवीत भरलेले संच दोन शिलिंगांना विकले जाऊ लागले, आणि पुढे त्यात स्पिटफायर विमान आले. जोडणीची मजुरी वाचवण्यासाठी काढलेल्या तोडग्यातून लाखो घरांतील छंद वाढीला लागला.

या संचांचे सर्वांत रूढ प्रमाण एकास बहात्तर. हा आकडा चमत्कारिक वाटतो, पण त्याचा हिशेब सरळ आहे: प्रतिकृतीवरील एक इंच म्हणजे प्रत्यक्षातील सहा फूट. सहा फुटी माणूस या प्रमाणात एक इंचाचा होतो. 36 फूट 10 इंच पंखविस्ताराचे स्पिटफायर साडेपंधरा सेंटिमीटरांच्या आसपास येते. याच गणिताने कारागिराची चूकही मोजता येते. प्रतिकृतीवर रेघ अर्धा मिलिमीटर सरकली, तर मूळ विमानावर ती 36 मिलिमीटर सरकली. रंगाचा थर 0.05 मिलिमीटर जाड बसला, तर मूळ विमानावर जणू साडेतीन मिलिमीटरांचा लेप चढला. म्हणून जाणकार मंडळी रंग पातळ करून अनेक विरळ हातांनी देतात.

आता गुलाबी रंगाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने ब्रिटिश हवाई दलात छायाचित्रण करणाऱ्या टेहळणी विमानांचा पाया घातला. युद्धापूर्वीच्या महिन्यांत तो लॉकहीड बनावटीच्या नागरी विमानात कॅमेरे दडवून जर्मनीवरून उडाला होता. त्याच्या विमानांच्या फिकट हिरवट रंगाला त्याने ‘कॅमोटिंट’ हे नाव दिले. लंडनजवळच्या हेस्टन विमानतळावरून जोधपूरच्या महाराजांचे फिक्या रंगाचे खासगी विमान उडाले आणि पाहता पाहता आकाशात विरून गेले. ते पाहून कॉटनला ही रंगयोजना सुचली, असे सांगितले जाते. टेहळणीच्या स्पिटफायरमधून मशीनगन काढल्या गेल्या, पंखांत कॅमेरे बसवले गेले. 18 नोव्हेंबर 1939 रोजी मॉरिस लाँगबॉटम हा वैमानिक फ्रान्समधील सेक्लँ येथून अशा विमानाने आखेन शहराच्या दिशेने गेला. त्याच्याजवळ स्वसंरक्षणाचे साधन एवढेच होते: उंची, वेग आणि रंग.

पुढे दोन वेगळ्या कामांसाठी दोन वेगळे रंग ठरले. तीस हजार फुटांवरून उडणाऱ्या विमानाला निळा रंग मिळाला, कारण तेथे आकाश खोल निळे असते. ढगांच्या पोटाखालून, जमिनीच्या जवळून छायाचित्रे घेणाऱ्या विमानाला मात्र अतिशय फिकट गुलाबी छटा देण्यात आली. ढगाळ आकाशात, विशेषतः सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या सुमारास, ढगांच्या खालच्या बाजूवर जो मंद तांबूस प्रकाश असतो, त्यात ही छटा मिसळून जाते. निळे विमान त्याच ठिकाणी गडद ठिपक्यासारखे दिसले असते. गुलाबी रंगाचा धोकाही तेवढाच स्पष्ट होता. ढग विरले आणि शत्रूचे विमान वरच्या बाजूला आले, तर हिरव्या शेतांच्या पार्श्वभूमीवर हेच फिके विमान चटकन नजरेत भरणार. म्हणजे या वैमानिकाचा जीव ढगांच्या छतावर अवलंबून होता. हे समजल्यावर गुलाबी रंग गमतीचा वाटेनासा होतो.

येथेच छंदिष्टांची एक नेहमीची चूक घडते. गुलाबी म्हटल्यावर हात मिठाईच्या गुलाबीकडे जातो आणि विमान भडक होते. मूळ छटा पांढऱ्यात नाममात्र तांबडा मिसळावा इतकी फिकट होती. उन्हात ती मळक्या पांढऱ्यासारखी भासावी. भडक गुलाबी विमान ढगाखाली लपले नसते, ते उघडे पडले असते. रंगाचे नाव बरोबर आणि रंगाचे कारण चूक, असा हा प्रकार आहे.

बहुकोनी तुकड्यांचे विमान पहिल्या महायुद्धातील जर्मनीचे. त्या काळची विमाने लाकडी सांगाड्यावर कापड ताणून बनवलेली असत. प्रत्येक विमानावर हाताने रंगकाम करणे वेळखाऊ होते, आणि रंगाच्या थरांचे वजनही उड्डाणाला जड जाई. जर्मनांनी 1916-17 च्या सुमारास यावर व्यवहारी उपाय काढला: छद्मावरण कापडावरच छापून घ्यायचे. चार किंवा पाच रंगांचे अनियमित बहुकोन छापलेले तागे कारखान्यात येत, आणि कापड चढवले की रंगकामही झालेले असे. वरच्या बाजूसाठी गडद छटा, खालच्या बाजूसाठी फिक्या. जवळून ही गोधडी विचित्र दिसते; दूरवरून तुकड्यांच्या कडा एकमेकांत मिसळतात आणि विमानाची आकृती फुटते. कापडाच्या व्यापारात हयात घालवलेल्या वाचकांना छापील ताग्याचे हे अर्थशास्त्र वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रतिकृतीवर हे कापड उतरवणे ही संयमाची परीक्षा असते. त्यासाठी डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायची पातळ चित्रे, पट्ट्यापट्ट्यांनी लावावी लागतात. तागा पंखाच्या लांबीने लावला होता की रुंदीने, हेही पाहावे लागते, कारण प्रत्यक्षात दोन्ही पद्धती होत्या. पंखातील फासळ्यांवर चिकटवलेल्या अरुंद फिती त्याच छापील कापडाच्या होत्या की एकरंगी, हा प्रश्न वेगळाच. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात नोल्टन या गावी ब्रोम काउंटीच्या संग्रहालयात एक फोकर डी-7 विमान आहे. युद्धानंतर विजयचिन्ह म्हणून तेथे पोहोचलेल्या या विमानावर मूळ छापील कापड आजही टिकून आहे. वादाच्या प्रसंगी अभ्यासक अशा कापडाकडे धाव घेतात. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर ते मूळ व्हाउचर आहे. बाकीच्या साऱ्या नकला.

ठिपकेदार विमानाची गोष्ट याच्या उलट आहे. तेथे लपणे हा हेतूच नव्हता. 1944 च्या सुमारास इंग्लंडच्या पूर्व भागातील तळांवरून अमेरिकेची शेकडो बाँबफेकी विमाने पहाटेच्या अंधूक प्रकाशात, ढगांतून वर येऊन रांगा धरत. सारी विमाने सारखी. आपली तुकडी कोणती हे ओळखावे कसे? यासाठी प्रत्येक तुकडीने एक जुने, लढाईत झिजलेले बी-24 विमान निवडले, त्यावरील बहुतेक शस्त्रे उतरवली आणि दुरूनही चुकणार नाही असे भडक रंगवले. नॉरिचजवळच्या हॉर्शम सेंट फेथ येथील 458 व्या गटाच्या ‘फर्स्ट सार्जंट’ या विमानाच्या पांढऱ्या पुढच्या भागावर ठळक रंगीत ठिपके होते. 93 व्या गटाच्या ‘बॉल ऑफ फायर’वर अंगभर पट्टे होते. ही विमाने सर्वांत आधी उडत, प्रकाशबाण सोडत, मागून येणाऱ्यांना आपल्याभोवती गोळा करत, आणि रांग जुळली की एकटीच तळावर परत येत. भडक रंगाने येथे रक्षणच केले, परंतु ते शत्रूपासून नव्हे. गोंधळापासून आणि आपसांतील टकरीपासून.

आपल्याच माणसांच्या हातून होणारी हानी टाळण्यासाठी रंगाचा आधार घ्यावा लागला, असे आणखी एक उदाहरण आहे. जुलै 1943 मध्ये सिसिलीवर छत्रीधारी सैनिक घेऊन निघालेल्या अमेरिकी वाहतूक विमानांवर त्यांच्याच पक्षाच्या तोफांनी मारा केला आणि 23 विमाने पडली. हा धडा लक्षात ठेवून जून 1944 मध्ये नॉर्मंडीवरील स्वारीच्या अगदी तोंडावर दोस्तांच्या हजारो विमानांवर तीन पांढरे आणि दोन काळे पट्टे ओढण्यात आले. गुप्तता राखण्यासाठी हुकूम शेवटच्या दिवसांत निघाला, त्यामुळे तळांवरील माणसांनी मिळेल त्या ब्रशने रातोरात काम उरकले. एका इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा 18 इंचांचा; एकास बहात्तर प्रमाणात तो सव्वासहा मिलिमीटरांहून किंचित जास्त भरतो. नवशिका कारागीर हे पट्टे टेप लावून काटेकोर सरळ काढतो. त्या तारखांची छायाचित्रे मात्र पाहावीत, तर अनेक विमानांवर कडा वाकड्या, रंग ओघळलेला. अशा विमानाच्या प्रतिकृतीवर सफाईच खोटी ठरते.

काटेकोरपणा खरा ठरतो तो स्वीडनच्या साब व्हिगेन या विमानाच्या बाबतीत. स्वीडनने आपली विमाने मोठ्या तळांवर एकत्र ठेवण्याऐवजी जंगलातील रस्त्यांवर विखरून ठेवण्याची योजना आखली होती. सुमारे पाचशे मीटर रस्त्यावर उतरू शकणारे व्हिगेन 1971 पासून 2005 पर्यंत सेवेत होते. झाडीच्या कडेला उभे असताना ते वरून दिसू नये, म्हणून त्यावर हिरव्या छटा आणि तपकिरी यांचे टोकदार, सरळ कडांचे तुकडे रंगवले गेले. स्वीडनमध्ये या योजनेला ‘शेते आणि कुरणे’ अशा अर्थाचे नाव आहे. या तुकड्यांची मांडणी ठरीव असल्याने प्रतिकृतीवर मनाला येईल तशी रेघ ओढता येत नाही. एक रंग द्यावा, तो वाळू द्यावा, त्याचे तुकडे टेपने झाकावेत, मग पुढचा रंग. असे करत शेवटची टेप निघेपर्यंत कित्येक संध्याकाळी जातात. टेप उचलताना खालचा रंग सोबत आला, तर आठवड्याची मेहनत वाया जाते.

रंग देण्याइतकेच रंग काढणेही कधी अर्थपूर्ण असते, आणि येथे विषय भारताच्या सीमेपर्यंत येतो. ब्रिटिश विमानांवरील निळ्या, पांढऱ्या, लाल वर्तुळांच्या चिन्हात मध्यभागी लाल ठिपका असे. जपानी विमानांवर लाल सूर्यबिंब असे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर क्षणभराच्या दर्शनात दोहोंची गल्लत होऊन आपल्याच विमानावर गोळी सुटण्याचा धोका होता. म्हणून आग्नेय आशियाच्या आघाडीवर चिन्हातील लाल रंग काढून गडद निळा व फिकट निळा एवढेच ठेवले गेले. त्या आघाडीवर लढलेल्या भारतीय हवाई दलाच्या तुकड्यांच्या विमानांवरही हीच निळी चिन्हे होती. भारतीय वैमानिकाचे हरिकेन रंगवणाऱ्याने सवयीने मध्ये लाल ठिपका दिला, तर ती केवळ रंगाची चूक राहत नाही. ज्या भीतीपोटी तो ठिपका पुसला गेला, ती भीतीच नोंदीतून नाहीशी होते.

मग खरा रंग ठरवायचा कसा? अडचणी अनेक आहेत. त्या काळची बहुतेक छायाचित्रे काळी-पांढरी आहेत. त्यातही ऑर्थोक्रोमॅटिक नावाच्या जुन्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसत नसे. तिच्यावर लाल आणि पिवळा काळपट उमटतो, निळा मात्र फिका. अशा छायाचित्रावरून रंग सांगणारा सहज फसतो. संग्रहालयातील विमाने पुष्कळदा नंतरच्या काळात पुन्हा रंगवलेली असतात. उरलेला मूळ रंग उन्हाने आणि वयाने बदललेला असतो. साक्षीदारांच्या आठवणी मोलाच्या, परंतु त्याही फिकट होतात. म्हणून गंभीर छंदिष्ट एका पुराव्यावर विसंबत नाही. हुकुमाचा कागद, दिनांकित छायाचित्र, रंगाचा सरकारी क्रमांक, शिल्लक असलेला पत्रा किंवा कापडाचा तुकडा, हे सारे तो एकमेकांशी ताडून पाहतो. ताळा जमला नाही, तर का जमला नाही याचा शोध घेतो.

हे सारे एका खेळण्यासाठी कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर खोट्या नोंदीच्या स्वभावात आहे. एखादा चित्रकार अंदाजाने रंग देतो. त्या चित्रावरून डिकॅल छापले जाते, डिकॅलवरून शेकडो प्रतिकृती होतात, आणि काही वर्षांनी त्याच प्रतिकृतींची छायाचित्रे दाखवून नवा माणूस म्हणतो, ‘सगळे असेच रंगवतात.’ मूळ व्हाउचर कोणी पाहिलेलेच नसते. पानामागून पान पुढे ओढलेल्या चुकीच्या शिल्लक रकमेसारखी ही चूक कालांतराने खरी वाटू लागते. ज्यांनी ती विमाने उडवली आणि ज्यांनी रात्री जागून ती रंगवली, त्या पिढीतील फारच थोडी माणसे आता उरली आहेत. खोडून काढणारा साक्षीदार उरला नाही की चुकीची नोंद कायमची होते.

घरातील एखाद्या नातवाला किंवा निवृत्त झालेल्या आजोबांना हा छंद धरावासा वाटला, तर सुरुवात एकास बहात्तर प्रमाणाच्या, एका इंजिनाच्या साध्या विमानाने करावी. भाग सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावेत, कारण साच्यातील तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. गोंद लावण्यापूर्वी सारे भाग कोरडेच जुळवून पाहावेत. सांध्यांत लांबी भरावी, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासावे आणि करडा प्रायमर द्यावा. सांध्यातील दोष प्रायमरखाली लपत नाहीत, उलट उघड होतात. फिका रंग आधी, गडद नंतर. डिकॅलपूर्वी चकचकीत वार्निशचा हात द्यावा, नाहीतर खाली हवा अडकून चित्राच्या कडा चंदेरी दिसतात. शेवटी मंद झळाळीचे वार्निश द्यावे. इनॅमल रंग आणि थिनर वापरताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि धारदार पाते मुलांच्या हाती एकट्याने देऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे काम मात्र ब्रश धुवून ठेवल्यानंतरचे. प्रतिकृतीच्या तळाशी एक छोटे कार्ड असावे. विमान कोणते, तुकडी कोणती, कोणत्या महिन्यातील अवस्था दाखवली आहे, आणि रंग कोणत्या पुराव्यावरून ठरवला, हे त्यावर लिहावे. जेथे पुरावा हाती लागला नाही, तेथे ‘अंदाजे’ हा शब्द स्वच्छ अक्षरांत लिहावा. त्या एका शब्दाने प्रतिकृतीला उणेपणा येत नाही. पुढे कधी तरी खरा पुरावा घेऊन येणाऱ्याला कोणती नोंद दुरुस्त करायची, हे त्यामुळे नेमके कळते.